तीस पौंडांचा सरदार, तीन पौंडांची खापरपणजी

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं यावर आमच्या घरात तीन आठवडे खल चालला होता. त्यांना काहीच नको असतं. यॉर्कशरचा, म्हणजे उत्तर इंग्लंडचा माणूस, निवृत्त बसचालक, कोणी भेट दिली की आधी मागची किंमत वाचणार. शेवटी नणंदेने 'आडनावाचा इतिहास' विकणारं एक दुकान शोधलं. आडनाव कळवायचं, पैसे भरायचे, की जुनाट दिसणाऱ्या जाड कागदावर घराण्याची कुळकथा छापून येते, वर रंगीत ढाल, खाली लॅटिन ब्रीद. २९ पौंड ९९ पेन्स. फ्रेम आम्ही वेगळी करून घेतली, तिचे आणखी १८. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असली दुकानं ढीगभर आहेत आणि त्या कागदांचा मजकूरही थोड्याफार फरकाने तोच असतो.

माझं सासरचं आडनाव मर्गट्रॉइड. हॅलिफॅक्सच्या आसपास हे आडनाव ऐकून कोणी हसत नाही. लंडनकडचे लोक मात्र हसतात आणि एका जुन्या कार्टूनमध्ये हेच नाव तोंडी असलेल्या पहाडी सिंहाची नक्कल करून दाखवतात. बावीस वर्षं झाली, मी फार्मसीच्या काउंटरवर हे नाव छातीला लावून उभी असते आणि दर आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक ते मोठ्याने वाचून दाखवतं.

तर तो कागद. त्यात लिहिलं होतं की मर्गट्रॉइड हे प्राचीन सरदारघराणं असून त्यांचा मूळ पुरुष १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमबरोबर फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आला. सासऱ्यांनी चष्मा चढवून सगळं वाचलं, "आय" म्हणाले, म्हणजे इकडच्या बोलीतलं 'हो', आणि फ्रेम भिंतीला टेकवून केक कापायला गेले. मला तिथेच शंका आली. हा माणूस नॉर्मन असता तर त्याच्या नावात 'रॉइड' कशाला आला असता? आमच्या दरीत जिकडे पाहाल तिकडे रॉइड आहेत. ॲक्रॉइड, होलरॉइड, बूथरॉइड, ओल्डरॉइड, आणि पुढच्याच स्टेशनांपैकी एक मायथमरॉइड, ज्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधली निम्मी अक्षरं उच्चारायची नसतात. इथली पोरंसुद्धा सांगतील की रॉइड म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा. अस्सल स्थानिक, वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे पश्चिम यॉर्कशरच्या बोलीतला शब्द. सरदार फ्रान्सहून येऊन कॅल्डर दरीतली ओकची झाडं तोडत बसला, असं मानायचं असेल तर गोष्ट वेगळी.

कागदाच्या मागे, फ्रेम उघडल्यावरच दिसेल अशा जागी, बारीक टायपात एक वाक्य होतं: वर दाखवलेलं चिन्ह या आडनावाच्या एका व्यक्तीला मिळालेलं होतं, गिऱ्हाइकाशी नातं असल्याचा दावा नाही. म्हणजे पुढे सरदार, मागे हात वर.

त्याच आठवड्यात मी कॉलेज ऑफ आर्म्सचं म्हणणं वाचलं. इंग्लंडमध्ये ढाल-चिन्हांचा कारभार तिथे चालतो. संस्था १४८४ सालची, तिसऱ्या रिचर्डने सनद दिलेली. त्यांचं म्हणणं अगदी सरळ आहे: आडनावाला चिन्ह नसतं. चिन्ह एका माणसाला मिळतं आणि त्याच्या कायदेशीर वंशजांकडे जातं. नुसतं आडनाव सारखं असून भागत नाही, पिढ्या जोडून दाखवाव्या लागतात. थोडक्यात, आपण ३० पौंडांना कुणा परक्याची ढाल विकत घेतली होती. या वस्तूला मी एक तारा देते, तोही कागद खरंच जाड होता म्हणून.

आता खऱ्या परीक्षणाकडे येते, कारण एवढ्यावर थांबले असते तर लिहायला बसले नसते.

नावाचा अर्थ शोधायला सगळ्यात चांगली वस्तू फुकट मिळाली. ऑक्सफर्डचा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आडनावांचा कोश २०१६ साली निघाला. पॅट्रिक हँक्स, रिचर्ड कोट्स आणि पीटर मॅक्लूर हे संपादक, चार जाडजूड खंड, ४५,००० हून जास्त आडनावं. घरी घेण्याची वस्तू नव्हे, ग्रंथालयात बसून वाचायची. तिथे मर्गट्रॉइडचा सरदार दोन ओळींत निकालात निघाला. हे ठिकाणावरून पडलेलं आडनाव आहे. हॅलिफॅक्सजवळ वॉर्ली भागात या नावाची जागा होती, आणि अर्थ 'मार्गरेटची मोकळी केलेली जमीन'. आपल्याकडे गावाला 'कर' लागून आडनाव होतं, तसंच. मर्गट्रॉइड म्हणजे मार्गरेटच्या माळावरचे. फरक इतकाच की आपल्याकडच्या एखाद्या गावात शेकडो 'कर' असतात, आणि यॉर्कशरच्या या डोंगराळ भागात एकेका वस्तीवर एखादंच घर असायचं. त्यामुळे इथली बरीच आडनावं एकाच घरातून फुटत गेलेली आहेत. जॉर्ज रेडमंड्स नावाच्या अभ्यासकाने सगळं आयुष्य हेच दाखवण्यात घालवलं. त्याचं सांगणं असं की कोशातला अर्थ ही सुरुवात झाली, खरं काम म्हणजे ते नाव कोणत्या शेतातून निघालं आणि कोणत्या रस्त्याने कुठे गेलं ते कागदांवरून शोधणं.

मला आवडली ती १३७९ ची नोंद. त्या साली राजाने डोईपट्टी बसवली होती, साध्या माणसाला चार पेन्स, नवरा-बायको मिळून एक धरायचे. वेस्ट रायडिंगच्या याद्या नशिबाने टिकल्या आहेत, आणि त्यात हे नाव 'मर्ग्रेटरोड' असं आहे. वाचताना मार्गरेट अगदी समोर उभी राहते. पुढे कुणी लिहिताना घाई केली, कुणी ऐकताना चूक केली, आणि बाई नावातून हळूहळू पुसट झाली. ही मार्गरेट कोण होती, विधवा होती की मालकीण, कुणास ठाऊक. पण नॉर्मन सरदारापेक्षा कुऱ्हाड चालवून घेणारी ही बाई मला जास्त पटली. सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आपण बाईच्या नावाने ओळखले जातो." आणि चहा ढवळत राहिले. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

अर्थ कळला तरी आपलं घर त्या माळापर्यंत पोचतं का, हे कोश सांगत नाही. इथे ती तीन पौंडांची सेवा येते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. सगळ्या नोंदींची मध्यवर्ती प्रत जनरल रजिस्टर ऑफिसकडे, म्हणजे जीआरओकडे असते. साउथपोर्टला त्यांचं काम चालतं. त्यांच्या वेबसाइटवर खातं उघडलं की सूची फुकट चाळता येते. पूर्वी प्रत्येक नोंदीसाठी प्रमाणपत्र मागवून टपालाची वाट पाहावी लागे. मी हे सगळं केलं तेव्हा त्या कागदी प्रमाणपत्राचे १२ पौंड ५० पेन्स आणि पीडीएफचे ८ होते. पण जुन्या जन्मनोंदींची, आणि १८८७ पर्यंतच्या मृत्यूनोंदींची, आता नुसती डिजिटल प्रतिमा ३ पौंडांना मिळते. पैसे भरले की जवळपास लगेच खात्यात हजर. कायद्याच्या कामाला ती चालत नाही, वंशावळीला पुरेपूर चालते. लग्नाची नोंद मात्र अशी मिळत नाही, तिचा कागदच मागवावा लागतो. पूर्ण साडेबारा.

मला शोधायचे होते सासऱ्यांचे आजोबा. घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावर त्यांची जन्मतारीख होती, नोव्हेंबर १८७९, बाकी काही नाही. सूचीत आडनाव, पुरुष, १८७९, दोन वर्षं अलीकडे-पलीकडे असं टाकलं. हॅलिफॅक्स जिल्हा, खंड ९ए. त्याच नावाची तीन बाळं निघाली! या दरीत नावांचीही काटकसर आहे. बापाचं नाव मुलाला, मुलाचं पुतण्याला.

जीआरओच्या या नव्या सूचीचा मोठा गुण म्हणजे ती आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून देते. जुन्या छापील सूच्यांत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळतं. तर तीन बाळांपैकी एकाची आई सटक्लिफ, एकाची ग्रीनवुड. दोन्ही नावं हेप्टनस्टॉलच्या स्मशानात फरशीसारखी पसरलेली, म्हणजे अगदी शोभणारी. तिसऱ्याच्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ. मला वाटलं, टाइप करणाऱ्याने गाळलं असेल. म्हणून पहिल्या दोघांच्या प्रतिमा घेतल्या. सहा पौंड गेले. एक बाळ मार्चचं, दुसरं ऑगस्टचं.

मग तिसरी घेतली.

तारीख जुळली. जागा वॉर्ली. बापाच्या नावाचा रकाना कोरा, बापाच्या धंद्याचा रकाना कोरा. आईचं नाव, तिचं आडनाव मर्गट्रॉइड, आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात एक फुली, भोवती रजिस्ट्रारच्या वळणदार अक्षरात 'हिची निशाणी' असं लिहिलेलं. बाळाच्या आईने स्वतः जाऊन, सही येत नसताना, फुली मारून नोंद केली होती. ती रेघ चूक नव्हती. लग्न न झालेल्या आईच्या बाळाला सूचीत माहेरच्या नावाच्या जागी रेघ असते. हे मला तीन पौंड खर्च करण्याआधी कुणी सांगितलं असतं तर सहा पौंड वाचले असते. म्हणून तुम्हाला सांगतेय: रेघ दिसली की आधी तीच नोंद घ्या.

फार्मसीतल्या कामाचा एक फायदा म्हणजे वाईट अक्षराची मला भीती वाटत नाही. पण हे अक्षर सुंदर होतं आणि तरी मी तो पडदा बराच वेळ बघत बसले. कायदाही पाहिला. १८७४ साली आलेल्या कायद्याने ठरवून दिलं की लग्नाबाहेरच्या बाळाच्या नोंदीत बापाचं नाव घालायचं तर त्याने आईबरोबर स्वतः येऊन सही केली पाहिजे. हा बुवा आला नाही. तेव्हा आईने फिर्याद केली तर मॅजिस्ट्रेट बापाकडून पोटगी देववू शकत असे, १८७२ च्या कायद्याप्रमाणे आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. तिने केली का, ते मला सापडलेलं नाही.

म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, माझ्या मुलांकडे आणि माझ्या छातीवरच्या पट्टीवर हे आडनाव आलंय ते या फुलीवाल्या बाईकडून. नात्याने ती माझ्या मुलांच्या पणजोबांची आजी, नवऱ्याची खापरपणजी.

मधल्या काळात नणंदेने डीएनए चाचणीचा विषय काढला होता. आडनाव बापाकडून मुलाला जातं, वाय गुणसूत्रही तसंच जातं, म्हणून दोन्हींचा मेळ पाहता येतो, ही कल्पना खरी आहे आणि तिचा गाजलेला प्रयोग आमच्याच भागातल्या आडनावावर झाला. ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञाने २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या ४८ पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं आणि जवळजवळ निम्म्यांचं एकसारखं निघालं. साइक्स म्हणजे ओढा. ओढे तर यॉर्कशरमध्ये हजारो, तरी एवढे लोक एकाच पुरुषाचे वंशज दिसले. आणि उरलेले निम्मे? त्यांच्यातही कुठेतरी आमच्यासारखी रेघ असणार. आमच्या बाबतीत चाचणी लाख अचूक असली तरी सासऱ्यांचं वाय गुणसूत्र बहुधा मर्गट्रॉइडांचं नाहीच. नणंदेला मी म्हटलं, पैसे वाचव, आपलं उत्तर तीन पौंडांत मिळालंय.

पुढचं काम जनगणनेवर. १८८१ ची सूची फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट आहे. ३ एप्रिल १८८१ च्या रात्री त्या घरात दगडखाणीत काम करणारा बाप, त्याची बायको, पाच मुलं आणि एक वर्षाचं बाळ. थोरली मुलगी 'अविवाहित, लोकरीच्या सूतगिरणीत कामाला', आणि बाळाच्या पुढे 'नातू'. स्वच्छ, खरं. दहा वर्षांनी, १८९१ ला, थोरली घरात नाही आणि तोच मुलगा आता म्हाताऱ्याचा 'मुलगा' झालाय. वय अकरा, अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा. म्हातारी तेव्हा अठ्ठावन्न. बोटं मोजली तरी कळतं, पण मोजणार कोण? लोकांनी ते नातं गिळलं आणि वर पाणी प्यायलं.

थोरली सापडायला चार महिने लागले. १८८४ ला तिने एका माणसाशी लग्न करून ब्रॅडफर्ड गाठलं होतं. हे मला फ्रीबीएमडी या स्वयंसेवकांनी बनवलेल्या सूचीने दिलं. ती सूची पूर्ण फुकट आहे, आणि तिच्यात अक्षरांच्या जागी चांदणी टाकून शोधता येतं. हे महत्त्वाचं, कारण आमचं आडनाव कारकुनांनी आठ तऱ्हांनी लिहिलंय.

इथे मला सासऱ्यांना सांगावं लागणार होतं. घरातले सगळे त्यांना नावाने हाक मारतात, इथे सुनाही मारतात. मला बावीस वर्षांत ते जमलेलं नाही, मी 'डॅड' म्हणते. म्हटलं, "डॅड, तुमच्या आजोबांना ब्रॅडफर्डला कुणी होतं का?"

"थोरली बहीण," ते लगेच म्हणाले. "व्हिटसनच्या सुट्टीत दर वर्षी जायचे तिच्याकडे. फोटो आहे कुठेतरी."

फोटो निघाला. मोठी टोपी घातलेली बाई, गंभीर चेहरा, मागे पेन्सिलीने 'ब्रॅडफर्डची आत्या'. सासरे नऊ वर्षांचे असताना आजोबा गेले. त्यांना आजोबा आठवतात ते खिशात पुदिन्याच्या गोळ्या ठेवणारे. मी लॅपटॉप फिरवून ती फुली दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं: "त्यांना माहीत होतं का?"

हा प्रश्न तीन पौंडांत सुटण्यासारखा नव्हता. आजोबांच्या लग्नाची नोंद मागवली, साडेबारा पौंड. १९०४. लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू दोघांच्या बापाचं नाव आणि धंदा लागतो. आजोबांनी खाणकामगार म्हाताऱ्याचं नाव टाकलं होतं, पुढे 'मयत'. याचा अर्थ काहीही निघतो. माहीत नसेल, किंवा माहीत असून लाज राखली असेल. अशा रकान्यात लोक काहीबाही लिहून वेळ मारून नेत. आईच्या नावाला तर रकानाच नव्हता. इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला ४ मे २०२१ उजाडावं लागलं. १८३७ पासून तोपर्यंत प्रत्येक नवरा-नवरीला कागदावर फक्त बाप.

१९११ चा फॉर्म सुंदर आहे, तो कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला असतो. आजोबांचं अक्षर मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. लग्नाला ७ वर्षं, मुलं झाली ४, हयात ३, वारलं १. त्या वर्षी सरकारने हे सगळ्या विवाहित बायकांबद्दल विचारलं होतं. पण बहिणीचा किंवा आईचा पत्ता नाही.

उरली १९२१ ची जनगणना. तिच्यानंतर मोठी पोकळी आहे: १९३१ चे कागद १९४२ साली आगीत जळाले, १९४१ ला युद्धामुळे गणना झालीच नाही, आणि १९५१ ची २०५२ पर्यंत उघडायची नाही. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. घरी बसून पाहायची तर पैसे देऊन, पण मँचेस्टरच्या सेंट्रल लायब्ररीत फुकट पाहता येते, म्हणून एका शनिवारी सासऱ्यांना घेऊन गेले. सॉवर्बी ब्रिजहून गाडी, डोंगरातून बोगद्यांत शिरत-निघत. त्यांनी डब्यात सँडविच आणले होते. लायब्ररीच्या गोल इमारतीत उघडू देणार नाहीत म्हणून पायऱ्यांवरच संपवले.

१९ जून १९२१, रविवारची रात्र. आजोबांचं तेच अक्षर. स्वतः, बायको, मुलं, त्यांत सासऱ्यांचे वडील, वय नऊ. आणि शेवटच्या ओळीत ब्रॅडफर्डची बाई, आडनाव नवऱ्याचं, विधवा, वय एकसष्ट. पाहुणी म्हणून राहायला आलेली असावी. कुटुंबप्रमुखाशी नातं या रकान्यात 'पाहुणी' लिहिलं असतं तरी चाललं असतं. 'बहीण' लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. आजोबांनी तिथे 'मदर' लिहिलं होतं.

सासऱ्यांनी मला ते मोठं करायला सांगितलं. मग आणखी मोठं. शेवटी पडद्यावर तेवढा एकच शब्द राहिला, शाईचा एक ओघळ लागलेला. "आय," ते म्हणाले. मी प्रिंट काढला.

आता परीक्षण म्हणून काही सांगायचं राहिलं ते सांगते. जीआरओची तीन पौंडांची प्रतिमा ही माझ्या मते इंग्लंडमधल्या वंशावळीतली सगळ्यात वसूल खरेदी आहे, पण ती १८३७ च्या मागे नेत नाही. मागे जायला चर्चची दप्तरं. ती १५३८ पासून ठेवायचा हुकूम आठव्या हेन्रीच्या मंत्र्याने, थॉमस क्रॉमवेलने काढला होता आणि हॅलिफॅक्सची त्याच वर्षापासून आहेत. पण दप्तर असणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. १८१३ पासून बारशाच्या नोंदीला छापील फॉर्म आला, त्यात बापाचा धंदा आणि राहण्याची जागा लिहावी लागे. त्याआधी पुष्कळदा नुसतं 'अमक्याचा मुलगा तमका'. खापरपणजीच्या आजोबांपर्यंत मी नीट पोचले, आणि मग १७९० च्या आसपास दोन चुलतभाऊ निघाले, नाव एक, बायकांची नावंही एक! तिथे गेलं वर्षभर अडकलेय. हॅलिफॅक्सच्या लायब्ररीत, पीस हॉलच्या शेजारी, जिल्ह्याचा दप्तरखाना आहे. तिथल्या बाईंनी मला वेकफील्डच्या जहागिरीचे कोर्टरोल, म्हणजे तिथल्या न्यायसभेच्या नोंदींच्या गुंडाळ्या, सुचवलेत. वॉर्ली त्या जहागिरीत होतं, आणि ते रोल १२७४ पासूनचे आहेत. मात्र १७३३ पर्यंतचे बरेचसे लॅटिनमध्ये. ते बघू निवृत्तीनंतर.

कीथलीजवळ ईस्ट रिडल्सडेन हॉल नावाचा जुना वाडा आहे. १६४० च्या दशकात जेम्स मर्गट्रॉइड नावाच्या श्रीमंत कापडवाल्याने तो वाढवला, आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. सासरे पूर्वी तिथे तिकीट काढताना "आमचंच घर आहे, सवलत द्या" असं म्हणायचे. ते अजूनही म्हणतात. मी काही बोलत नाही. पिढ्या जुळलेल्या नाहीत, पण तसं म्हटलं तर आडनाव खरंच आहे, आणि खिडकीतल्या माणसाला पिढ्या कुठे तपासायच्या असतात.

घरातल्यांना हा शोध कळला तेव्हा नवऱ्याने मला विचारलं, मग आपलं खरं आडनाव काय? मी म्हटलं, हेच. ज्याने सही केली नाही त्याचं कसं लावणार?

एकूण हिशोब असा: फसलेल्या दोन आणि लागलेली एक मिळून तीन प्रतिमा, ९ पौंड, लग्नाची नोंद १२ पौंड ५०, मँचेस्टरचं भाडं वेगळं, पण सासऱ्यांचा ज्येष्ठांचा बसपास त्या रेल्वेगाडीला चालत नाही याचं त्यांना अजून वाईट वाटतं. जीआरओच्या प्रतिमेला पाच तारे, कोशाला पाच, फ्रीबीएमडीच्या स्वयंसेवकांना पाच आणि एक चहा माझ्याकडून. ढालवाल्या कागदाला एक, आधीच दिलाय.

तो कागद आता जिन्याखालच्या टॉयलेटमध्ये आहे, नुसता ब्लू-टॅकने चिकटवलेला. फ्रेम सासऱ्यांनी काढून घेतली आणि तिच्यात १९२१ चं पान बसवलं. फ्रेम मात्र चांगली निघाली. अठरा पौंड, ओकची.